जीआरबी २२१००९ए: फर्मीच्या लाइट कर्व्हमध्ये ऐन शिखरावर खड्डे का दिसतात?

प्रश्न (ध्रुवमत्स्य):
फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या गॅमा-किरण स्फोट टिपणाऱ्या उपकरणाचा बीएन२२१००९५५३ हा डेटा (जीआरबी २२१००९ए या गॅमा-किरण स्फोटाचा) उतरवून टीटीई फायलींवरून ०.१ सेकंदाच्या बिनमध्ये (वेळेच्या तुकड्यांत) लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, काढला. ट्रिगर (उपकरणाने स्फोट हेरला तो क्षण) ९ ऑक्टोबर २०२२, १३:१७ यूटीचा (जागतिक वेळ). सुरुवातीचा छोटा पल्स व्यवस्थित येतो, मग जवळपास तीन मिनिटं शांतता. २२० सेकंदांच्या आसपास काउंट चढतात आणि एकदम तुटतात. कुठे माथा सपाट, कुठे काहीच नाही. ५१० सेकंदांपाशी पुन्हा तेच. हे स्फोटाचं वागणं की उपकरणाचं? स्पेक्ट्रमसाठी कोणता भाग घ्यावा?

उत्तर (नाल_सोडियम):
उपकरणाचं. टीटीईमध्ये प्रत्येक फोटॉनची स्वतंत्र नोंद होते आणि १२ सोडियम आयोडाइड व २ बीजीओ (बिस्मथ जर्मेनेट) असे चौदाही डिटेक्टर एकाच वाहिनीतून डेटा पाठवतात. सगळ्यांची मिळून मर्यादा सेकंदाला सुमारे ३,७५,००० नोंदी. त्यापुढच्या नोंदी नुसत्या गळून पडतात, म्हणून खड्डे. ट्रिगरपासून २१९ ते २७७ आणि ५०८ ते ५१४ सेकंद हे दोन्ही पट्टे जीबीएमच्या चमूनेच खराब ठरवले आहेत.

जीबीएमच्याच सीटाइम (६४ मिलिसेकंद, ८ ऊर्जा-चॅनेल) किंवा सीस्पेक (ट्रिगरनंतर १.०२४ सेकंद, १२८ ऊर्जा-चॅनेल) फायली घेऊन बघा. ते उपग्रहावरच मोजून साठवले जातात, त्यामुळे ही गळती त्यांत नाही आणि खड्डे जातील. पण आलेख गुळगुळीत झाला म्हणून त्या पट्ट्यांत लगेच स्पेक्ट्रम फिट करू नका. दर नोंदीमागे डिटेक्टर २.६ मायक्रोसेकंद बंद असतो. सेकंदाला १ लाख नोंदी दिसत असतील तर २६ टक्के वेळ तो आंधळा, म्हणजे खरा दर साधारण १.३५ लाख. ही दुरुस्ती एक्सपोजरच्या रकान्यातून होते. पाइल-अपची होत नाही. १०० आणि १५० केईव्हीचे (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) दोन फोटॉन जवळजवळ एकाच वेळी आले तर २५० केईव्हीचा एकच नोंदला जातो. शिवाय आधीच्या पल्सच्या शेपटीवर पडलेला पल्स खुजा मोजला जातो. ऊर्जाच चुकीची लिहिली गेली, तर काउंट बरोबर असूनही ईपीक (ज्या ऊर्जेला स्पेक्ट्रम शिखर गाठतो ती) चुकणारच.

उत्तर (सात_गुणिले_दहा):
बॅकग्राउंडकडेही लक्ष द्या, इथे बरेच जण फसतात. पाच-दहा सेकंदांच्या स्फोटाला दोन्ही बाजूंच्या शांत भागांवर पॉलिनॉमियल बसवला की भागतं. इथे आफ्टरग्लो (स्फोटानंतर रेंगाळणारी चमक) पृथ्वीआड जाईपर्यंत, म्हणजे साधारण १,४६० सेकंदांपर्यंत जीबीएममध्ये दिसत राहतो. ६०० सेकंदांनंतरचा भाग 'शांत' धरला तर आफ्टरग्लोच बॅकग्राउंड म्हणून वजा होतो. ३० कक्षा आधीचा आणि ३० कक्षा नंतरचा डेटा घेऊन सरासरी काढा. तेव्हा उपग्रह जवळपास त्याच भूभागावर असतो. डिटेक्टर निवडताना स्रोताशी ६० अंशांच्या आतले घ्या, आणि सौर पॅनेल किंवा उपग्रहाचा सांगाडा आड येतो का तेही तपासा.

ध्रुवमत्स्य:
म्हणजे मुख्य शिखराची खरी उंची कुठेच मिळणार नाही?

उत्तर (नाल_सोडियम):
मिळते. चीनचा जीकॅम-सी हा गॅमा-किरण डिटेक्टर तेव्हा उच्च अक्षांशांवर असल्याने वेगळ्या मोडमध्ये चालू होता आणि मुख्य पल्समध्येही संपृक्त झाला नाही (त्याची मोजण्याची मर्यादा ओलांडली गेली नाही). शिखरासाठी माझा भरवसा त्याच्यावरच. चीनचाच क्ष-किरण उपग्रह इनसाइट-एचएक्सएमटी मुख्य पल्समध्ये संपृक्त झाला, पण सुरुवातीच्या पल्ससाठी आणि आफ्टरग्लोसाठी उत्तम. कोनस-विंडही (विंड यानावरचा रशियन डिटेक्टर) संपृक्त झाला; त्याच्या चमूने दुरुस्ती करून आकडे दिले. समदिश ऊर्जा (स्फोट सगळ्या दिशांना सारखाच झाला असं धरून काढलेली) जीबीएमनुसार सुमारे १.०, कोनसनुसार १.२, जीकॅम-सी व एचएक्सएमटीनुसार १.५ (सगळे गुणिले १० चा ५५ वा घात, अर्गमध्ये, रेडशिफ्ट ०.१५१). हे आकडे शेजारी ठेवताना ऊर्जापट्टा आणि कालावधी सारखे आहेत का ते आधी बघा.

उत्तर (धूलिवलय):
मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत मूळ स्फोट थेट कोणी पकडला नव्हता. स्विफ्ट उपग्रहाचा स्फोट शोधणारा डिटेक्टर बॅट तर ५३ मिनिटांनी आफ्टरग्लोवर ट्रिगर झाला. पण स्रोत आकाशगंगेच्या प्रतलापासून जेमतेम ४ अंशांवर, म्हणून वाटेतल्या धुळीवरून विखुरलेले किरण उशिरा पोचले आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीला २० वलयं दिसली. धुळीचं अंतर = २ × प्रकाशवेग × उशीर ÷ कोनीय त्रिज्येचा वर्ग (त्रिज्या रेडियनमध्ये). एका दिवसानंतर ५ आर्कमिनिटांचं वलय असेल तर धूळ सुमारे ७९० पार्सेकवर (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). वलयांच्या तेजावरून मूळ स्फोटाचा ०.५ ते ५ केईव्हीमधला एकूण प्रवाह (फ्लुअन्स) उलट काढला गेला आहे, आणि तिथे संपृक्ततेचा प्रश्नच येत नाही. मात्र धुळीचं मॉडेल आणि वाटेतलं शोषण बदललं की आकडा बराच हलतो. फिटमध्ये ती अनिश्चितता धरा.