मदत हवी आहे: 'शकले'ला 'कुड' कधी चालत नाही?

दहावीतल्या भाचीला इंग्रजी शिकवतेय. 'धावत सुटले म्हणून लोकल पकडू शकले' याचं तिने 'आय कुड कॅच द लोकल' केलं. मी खोडून 'वॉज एबल टू' लिहिलं. एकदाच जमलेल्या गोष्टीला होकारात 'कुड' नाही, 'लहानपणी पोहू शकायचे'ला चालतं, हे सांगून झालं. नकारात मात्र 'कुडन्ट कॅच' बिनधास्त! (इथेच ती वैतागली.) मग तिने विचारलं, 'काल रात्री आय कुड हिअर द रेन' बरोबर कसं? तेही एकदाचंच ना? घरातल्या व्याकरणाच्या दोन्ही पुस्तकांत 'कुड'साठी 'क्षमता' एवढंच दिलंय. नियमाचं इंग्रजी नाव नको, मराठीतून पटेल असं कारण हवंय. ऐकू येणं, दिसणं, वास येणं एवढ्यापुरतीच ही सूट आहे, की आणखी कुठे चालते?