कू चेन-फू : सिमेंट कंपनीचे अध्यक्ष तैवानतर्फे वाटाघाटींना कसे?

अजिंक्यतारा (सातारा)
नमस्कार मंडळी. यूपीएससीसाठी आंतरराष्ट्रीय संबंध वाचतोय. एप्रिल १९९३ मध्ये सिंगापूरला चीन आणि तैवानची बोलणी झाली, त्यात तैवानकडून कू चेन-फू होते. हे गृहस्थ तैवान सिमेंटचे अध्यक्ष. ना मंत्री, ना राजदूत. इतक्या नाजूक कामाला उद्योगपती का पाठवला? आणि त्यातून पदरात काय पडलं? आमच्या अभ्यासिकेत एकजण ठामपणे म्हणतो, हस्तांदोलनाच्या फोटोपलीकडे काहीच नाही.

कोयनाकाठ (कऱ्हाड)
१९४९ ला यादवी युद्ध हरलेलं सरकार चीनमधून तैवानात गेलं, तेव्हापासून दोन्ही सरकारं एकमेकांना मानतच नव्हती, मग समोरासमोर बसणार कोण? म्हणून तैवानने एक प्रतिष्ठान काढलं. कागदावर खासगी, पण सूत्रं सरकारच्या हाती. १९९१ च्या मार्चमध्ये ते सुरू झालं, अध्यक्ष कू. त्याच डिसेंबरात चीननेही तशीच संस्था काढली, तिचे अध्यक्ष वांग दाओहान, शांघायचे माजी महापौर. शिवाय कू नुसते कारखानदार नव्हते. सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाच्या मध्यवर्ती स्थायी समितीवर होते.

जुना टपालवाला (विटा, जि. सांगली)
अजिंक्यतारा, तुझ्या मित्राला सिंगापूरचे करार वाचायला सांग. चार झाले. दोन पुढच्या भेटीगाठींबद्दल आणि एकूण सहमतीबद्दलचे, ते सोडून दे. उरलेल्या दोनांसाठी मी या माणसाला मानतो.

एक रजिस्टर टपालाचा. माझी नोकरी रजिस्टरच्या खिडकीवर गेली. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यापायी परमुलखात, कुणी तमिळनाडूत, कुणी उत्तर प्रदेशात. तिकडून मुखत्यारपत्र यायचं, हक्कसोडीचे कागद यायचे. पाकीट हरवलं तर चौकशीचा फॉर्म भरायचा, आणि कोणत्या टप्प्यावर गेलं ते सापडायचं, कारण सगळं टपाल खातं एकच. आता विचार कर, तैवानात १९४९ ला आलेला सैनिक. १९८७ च्या नोव्हेंबरपर्यंत त्याला चीनमधल्या गावाकडे भावाला भेटायला जायची परवानगी नव्हती. पुढे टपाल सुरू झालं, पण पाकीट गहाळ झालं तर विचारायचं कुणाला? समोरचं टपाल खातं हे टपाल खातं आहे, एवढंही मान्य करायची सोय नाही! करारात काय ठरलं बघ : चौकशी दोघांनी एकमेकांकडे करायची, भरपाई मात्र जिथून पाकीट निघालं त्या बाजूने द्यायची, आपसात हिशेब करायचा नाही. देणंघेणं आलं असतं की परत कोण कुणाला काय म्हणून पैसे देतो, हा वाद आला असता. तो मुळातच खुडून टाकला. आणि रजिस्टर टपालाच्या व्याख्येत पत्र, पोस्टकार्ड, छापील मजकूर यांच्याबरोबर अंधांसाठीचं साहित्यसुद्धा आहे. इतक्या बारकाईने कुणीतरी बसून लिहिलंय.

दुसरा करार नोटरी केलेल्या कागदांच्या पडताळणीचा. वारसा, दत्तक, लग्न, जन्म, मृत्यू, शिक्षण, मालमत्ता. तो सैनिक तैवानात वारला, तर गावाकडचा पुतण्या वारस आहे हे सिद्ध कसं करणार? एका बाजूने कागदाची प्रत पाठवायची, दुसऱ्या बाजूने ताडून बघायची. भाऊबंदकीत वारसनोंदीसाठी माणसं किती हेलपाटे घालतात ते ज्याने पाहिलंय, तो याला फोटो म्हणणार नाही.

अजिंक्यतारा (सातारा)
काका, हे कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं. पण मग गाडी अडली कुठे?

कोयनाकाठ (कऱ्हाड)
१९९५ मध्ये तैवानचे राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई अमेरिकेला गेले, त्या रागाने चीनने चाचणीची क्षेपणास्त्रं डागली, बोलणी थंडावली. ऑक्टोबर १९९८ मध्ये कू शांघायला गेले, वांगना भेटले, पुढे बीजिंगला चीनचे राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन यांनाही. त्यांच्या शिष्टमंडळात त्साय इंग-वेन होत्या, त्या पुढे तैवानच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. वांग तैवानला येणार असं ठरत होतं, तेवढ्यात जुलै १९९९ मध्ये लींनी दोन्ही बाजूंचं नातं 'विशेष स्वरूपाचं राष्ट्र-राष्ट्र' असल्याचं म्हटलं. तैवान वेगळं राष्ट्र, हे चीनला मान्य नव्हतं. भेट रद्द.

जुना टपालवाला (विटा, जि. सांगली)
कू आणि वांग, दोघांना पेकिंग ऑपेराची आवड. कू स्वतः गायचेही. शांघायला दोघांनी तो एकत्र पाहिला. २००५ च्या जानेवारीत कू गेले, डिसेंबरात वांग. पण एक लिहून ठेव, उत्तरात कामाला येईल : १९९९ नंतर वरची बोलणी बंद पडली तरी हे दोन करार रद्द झाले नाहीत. कागदांची पडताळणी चालूच राहिली.