नागपूर, रत्नागिरी, पुणे: 'इतर खर्च' किती धरायचा?

बी-204: नमस्कार सोसायटीतल्या मंडळींनो. मुलगा नागपूरला आणि लेक-जावई रत्नागिरीला नवीन घर मांडताहेत. त्यांच्या महिन्याच्या खर्चाच्या अंदाजात भाडं, किराणा, लाइटबिल काढून झालं. 'इतर'मध्ये आपल्या पुण्याचाच आकडा धरला तर चालेल का?

ए-501: काकू, तसं नका करू. गावागणिक या रकान्यात बराच फरक पडतो. आणि हा खर्च किरकोळही नसतो. 2012 पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात (महागाई मोजायच्या सरकारी आकड्यात) 'संकीर्ण' म्हणजे इतर खर्चाच्या गटाला शहरी भागात 29.53 टक्के भार (घरखर्चातला वाटा) होता, ग्रामीण भागात 27.26. त्यात घरगुती वस्तू-सेवा, आरोग्य, प्रवास-दळणवळण, करमणूक, शिक्षण आणि वैयक्तिक निगा एवढं सगळं यायचं. वीज आणि गॅस मात्र वेगळ्या गटात होते, ते इथे परत मोजू नका.

सी-103: नागपूरला पहिला कूलर. त्याची किंमत सगळे धरतात, दर वर्षीची डागडुजी धरत नाहीत. वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तुसांच्या) ताट्या दर उन्हाळ्याला नव्या लागतात. हनीकोंब (पोळ्यासारख्या छिद्रांचे) पॅड महाग, पण जास्त टिकतात. पाणी जड असेल तर दोन्हींचं आयुष्य घटतं, कारण पाणी उडून जातं आणि क्षार ताटीतच राहतात. पांढरा थर बसला की हवा आत ओढली जात नाही. पंखा जोरात फिरतो, गारवा मात्र नाही.
पंप जळतो तो बहुतेक टाकी कोरडी पडल्यामुळे. तो पाण्यात बुडालेला असेल तरच गार राहतो.
आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून घासायला सांगा. नुसतं वरून पाणी भरत राहिलं तर क्षार वाढत जातात आणि डासांची पैदास होते. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

डी-302: रत्नागिरीला कूलर अजिबात नको. हवा आधीच दमट, पाणी उडणार कुठे? खोली नुसती चिकट होते.
तिथला खर्च गंजाचा आणि बुरशीचा. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात खारा वारा. बिजागऱ्या, कड्या, गेटची चाकं यांना मेअखेर ग्रीस लावून ठेवायचं. समुद्राजवळ स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे, 304 वर तांबूस डाग येतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं, नाहीतर मागच्या फळीला बुरशी धरते. तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका.
ताडपत्री, छत्र्या, रेनकोट, सुकी मासळी, कडधान्य, मसाला ही आगोटीची (पावसाळ्याआधीची) बेगमी एकाच महिन्यात येते. त्यामुळे मे महिना कायम जड जातो.

बी-204: मग पुण्याचं वेगळं ते काय?

ई-401: गाड्यांचा खर्च आणि पाणी. गाड्यांचं सगळ्यांना ठाऊक आहे, पाण्याचं सांगतो. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे. उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं मिसळलं की ते जड होतं आणि गिझर, वॉशिंग मशीन, नळाच्या जाळ्या सगळ्यांवर थर चढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. पाणी तपासून घ्या आणि मगच सॉफ्टनरचा (पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा) विचार करा.
15 लिटरचा गिझर वर्षातून एकदा उघडायचा. एमसीबी बंद, इनलेटचा कॉक बंद, टाकी रिकामी. मग खालची फ्लँज (कॉइल बसवलेली चकती) काढायची. कॉइलवरचा थर ठोकून काढू नका, कॉइलचं आवरण फुटतं. कोमट पाण्यात लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून कॉइल तासभर बुडवा, थर भुसभुशीत होऊन सुटतो. शेजारचा मॅग्नेशियमचा रॉड पाहा. आतली तार उघडी पडली असेल तर तो बदलायचाच, कारण तो संपला की गंज टाकीला धरतो. टाकी गळली की नवा गिझर! रबरी गॅस्केट प्रत्येक वेळी नवं टाका, जुनं परत बसवलं की तिथूनच गळतं.

ए-501: काकू, आता हिशेब. दोन्ही घरांसाठी वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांची वेगळी यादी करा आणि बेरजेला 12 ने भागा. समजा ताट्या, पंप, कारागिराची मजुरी मिळून 1,800 रुपये झाले, तर महिन्याला 150. दर महिन्याचे खर्च (मोबाइल, केशकर्तन, औषधं, पेट्रोल) त्याच्यावर. एकाच महिन्याच्या पावत्या पाहून आकडा काढला तर नागपूरचा मार्च आणि रत्नागिरीचा मे फसवतो.

बी-204: समजलं. म्हणजे मुलाला मार्चच्या आत पैसे बाजूला काढायला सांगते, लेकीला मेच्या आत.

डी-302: लेकीला एप्रिलमध्येच सांगा ताई. जून जवळ आला की ताडपत्रीचा भाव चढतो.

सी-103: आणि मुलाला सांगा, पंप घेताना दुकानात कूलरची उंची सांगायची. कमी ताकदीचा पंप वरपर्यंत पाणी चढवत नाही. ताटीचा वरचा भाग कोरडा राहतो आणि तिथूनच गरम हवा आत येते.