गॅलरीतल्या पिंजऱ्यात झेब्रा फिंच पक्ष्यांची तिसरी जोडी सोडावी का?

प्रश्न (दादर): पिंजरा ३ फूट लांब, दीड फूट रुंद. २ जोड्या आहेत. एक नर दुसऱ्याला घरट्याच्या मडक्याजवळ फिरकू देत नाही. तिसरी जोडी आणू?

उत्तर: दोनच जोड्या असल्या की दांडगा नर एकाच्याच मागे लागतो, तीन असल्या की त्याचा राग वाटला जातो. पण या पिंजऱ्यात नको, आधी लांबी ४ फूट तरी करा. नुसती उंची काय कामाची, फिंच आडवे उडतात. मडकी ६, सगळी एकाच उंचीवर. वरच्या मडक्यासाठीच मारामारी होते. दाणा-पाणी दोन्ही टोकांना. जादा नर अजिबात नको.

दुसरं उत्तर: पिल्लं नको असतील तर मडकीच काढा, बरीच भांडणं तिथेच मिटतात. ठेवलीत तर घरट्यासाठी काथ्या बोटभर कापून द्या, लांब धाग्यात पाय अडकतो. आणि पावसाळ्यात राळे (त्यांचा दाणा) थोडेच आणा, बुरशी धरते.