ओरिएंटियरिंग आणि अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धा नाशिकमधून बघताना: ठिपके आणि तक्ते वाचायचे कसे?

गंगापूररोडकर (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरचं कांस्य घेऊन आल्या तेव्हापासून नाशिकला ट्रॅकवरच्या शर्यती बघणारे बरेच झाले. संजीवनी जाधव यांच्यामुळे ते टिकूनही राहिले. माझं अ‍ॅथलेटिक्स बघणं तिथूनच आलं. आता त्याच्या जोडीला ओरिएंटियरिंगची (नकाशा वाचत ठरलेल्या खुणा, म्हणजे 'कंट्रोल', क्रमाने गाठत पळायची शर्यत) जागतिक स्पर्धा नीट बघायला सुरुवात केली आहे, पण काही गोष्टी डोक्यात बसत नाहीत.

एक, जीपीएसच्या नकाशावर वीस-तीस ठिपके पळताना दिसतात. सर्वांत पुढे असलेला ठिपका पहिला नसतो, हे कळलं. मग पहिला कोण, हे शर्यत चालू असताना ओळखायचं कसं?

दोन, जंगलातली शर्यत आणि शहरातली स्प्रिंट बघण्याच्या पद्धतीत काय फरक?

तीन, अ‍ॅथलेटिक्समध्ये प्राथमिक फेरीत चांगली वेळ देणारा बाहेर जातो आणि हळू पळालेला अंतिम फेरीत दिसतो, असं का होतं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं, वाचायला वेळ आहे.

समोच्च_रेषा

दादा, पहिल्या प्रश्नाचं मूळ सुटण्याच्या पद्धतीत आहे. लाँग (जंगलातली लांब शर्यत) प्रकारात दर ३ मिनिटांनी एक खेळाडू सुटतो, मिडलमध्ये (जंगलातलीच मध्यम) दर २ मिनिटांनी, स्प्रिंटमध्ये दर मिनिटाला. तगडे खेळाडू साधारणपणे शेवटी सुटतात. म्हणजे तुम्हाला पुढे दिसणारा ठिपका कदाचित दीड तास आधी निघालेला असतो. थेट चित्र बघून पहिला क्रमांक ओळखायचा नादच सोडून द्या. त्यासाठी दोन साधनं आहेत.

पहिलं साधन स्प्लिटचा, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळांचा तक्ता. काही ठरावीक कंट्रोलवरून वेळ थेट पोचते, तिथे प्रत्येकाचा सुटल्यापासूनचा वेळ आणि त्या क्षणाचा क्रमांक दिसतो. 'सध्या पहिला' या शब्दांना भुलू नका. अजून किती जण त्या कंट्रोलवर यायचे आहेत आणि त्यांत कोण कोण आहे, ते सुटण्याच्या यादीशी ताडून बघा. यादी आदल्या दिवशी येते. त्यातली शेवटची दहा-पंधरा नावं वेगळी लिहून ठेवली की निम्मं काम झालं.

दुसरं साधन ट्रॅकिंगच्या पानावरच असतं आणि बहुतेक लोक त्याला हातच लावत नाहीत. बहुतेक ट्रॅकिंगमध्ये 'मास स्टार्ट'ची सोय असते. ती लावली की सगळे एकाच क्षणी सुटल्यासारखे दिसतात. त्याहून उपयोगी म्हणजे एखादा कंट्रोल निवडून सगळ्यांना तिथून एकदम सोडणं. समजा चार ते पाच हा टप्पा मोठा आहे, तर चौथ्या कंट्रोलवर सगळ्यांना आणून सोडा. डावीकडून गेलेला आणि सरळ घुसलेला यांच्यात पाचव्यावर कोण आधी पोचतो ते डोळ्यांसमोर उलगडतं. एवढ्यासाठीच हा खेळ बघावा, असं माझं ठाम मत आहे.

आता मार्गनिवड. नकाशा शर्यत सुरू होईपर्यंत गुप्त असतो. मागाहून सुटणाऱ्यांना फोनशिवाय एका बंदिस्त जागेत थांबवून ठेवतात. पण स्पर्धेच्या बुलेटिनमध्ये अंतर, चढ, कंट्रोलची संख्या आणि त्या भागाचे जुने नकाशे असतात, ते आधी चाळा. नकाशा खुला झाला की मोठे टप्पे हेरा आणि खेळाडू तिथे पोचायच्या आत आपला मार्ग ठरवा. उदाहरण घ्या. सरळ रेषेत १.६ किलोमीटर, त्यात १२० मीटर चढ. वळसा २.१ किलोमीटर, चढ ४० मीटर. दर १० मीटर चढाला १०० मीटर सपाट अंतर, हा ढोबळ हिशोब धरला तर सरळ मार्ग २.८ किलोमीटरचा पडतो आणि वळसा २.५ चा. वर वळसा वाटेवरून जात असेल तर वेग आणखी वाढतो. जाहीर केलेलं अंतर हे कंट्रोल ते कंट्रोल सरळ रेषेत मोजलेलं असतं, प्रत्यक्ष धाव त्याहून बरीच जास्त होते.

रंगांचा अर्थ पाठ हवा. पांढरा म्हणजे मोकळं पळता येणारं जंगल, हिरवा नाही! इथे आपले सगळेच चकतात. पिवळा म्हणजे उघडी जमीन. फिक्या हिरव्यात वेग नेहमीच्या ६० ते ८० टक्के, मधल्यात २० ते ६०, गडद हिरव्यात २० च्या खाली. तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, काळ्यात खडक आणि माणसाने केलेल्या गोष्टी, जांभळ्यात शर्यतीचा मार्ग. लाँगचा नकाशा १:१५,००० असतो, म्हणजे १ सेंटिमीटरला १५० मीटर. समोच्च रेषा साधारण ५ मीटरवर. आपल्याकडच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० पत्रकावर त्या २० मीटरवर असतात, म्हणून ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीचं पत्रक वाचायची सवय असलेल्यालाही हा नकाशा सुरुवातीला दाटीचा वाटतो. पाचवी ठळक रेषा धरून मोजा, चढ पटकन लक्षात येतो.

एक खोच राहिली. लाँगमध्ये मागून आलेला खेळाडू पुढच्याला गाठतो आणि मग दोघं बरोबर पळतात. हे मोडायला आखणीत फुलपाखराच्या पंखांसारखे दोन लूप टाकतात, कोणी आधी डावा पळतो, कोणी उजवा. तोवर मधल्या कंट्रोलच्या वेळा एकमेकांशी तुलना करण्याजोग्या नसतात. दोन्ही लूप संपल्यावरच्या कंट्रोलपासून पुन्हा तक्ता बघा.

बोळातला_धावक

वरचं उत्तम. स्प्रिंटचं मी लिहितो.

२०१९ पासून जागतिक स्पर्धा दोन तोंडांची झाली आहे, सम वर्षी स्प्रिंट आणि विषम वर्षी जंगल. २०२४ एडिंबरा, २०२५ फिनलंडमधलं कुओपिओ, २०२६ इटलीतलं जेनोआ. स्प्रिंटचा विजेता १२ ते १५ मिनिटांत मोकळा होतो, त्यामुळे पाच सेकंदांची चूक म्हणजे पदक गेलं.

नकाशा १:४,०००, म्हणजे १ सेंटिमीटरला ४० मीटर. पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागच्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा: एक बोळ पुढे बंद, शेजारचा पायऱ्यांनी खाली उतरून गोदाकाठाला लागतो, आणि वळण चुकलं की पूर्ण माघारी. खेळाडूला हे पूर्ण वेगात पळता पळता कागदावरून वाचायचं असतं. जाड काळी रेघ म्हणजे ओलांडायला मनाई असलेली भिंत किंवा कुंपण, मग ती प्रत्यक्षात गुडघ्याएवढी असली तरी. ऑलिव्ह हिरवा म्हणजे बंदी असलेली जागा, बाग वगैरे. दोन्ही ओलांडलं की बाद. आयोजक मुद्दाम तात्पुरते अडथळे उभे करून नेहमीचा रस्ता बंद करतात, म्हणून जुन्या नकाशावरचा अंदाज स्प्रिंटमध्ये फसतो.

ठिपक्यांबद्दल इशारा. उंच इमारतींच्या भिंतींवर उपग्रहाचा संदेश आदळून येतो, त्यामुळे अरुंद गल्लीत ठिपका इमारतीच्या भलत्याच बाजूला दिसतो किंवा थेट घराच्या आत. ते बघून 'हा बाद होणार' असं जाहीर करू नका. कंट्रोलवर बोटातल्या चिपची नोंद हाच पुरावा. हल्ली स्पर्श न करता जवळून गेलं तरी नोंद होते. एक कंट्रोल चुकला किंवा क्रम मोडला तर वेळ कितीही भारी असो, निकाल नाही. म्हणून अंतिम रेषेनंतर चिप वाचली जाईपर्यंत थांबायचं.

नॉकआउट स्प्रिंट नवख्यांनी आधी बघावी, कारण तिथे सगळे खरोखर एकदम सुटतात. सहा जणांचा गट, उपांत्यपूर्वच्या सहा गटांतून पहिले तीन, उपांत्यच्या तीन गटांतून पहिले दोन, आणि अंतिम फेरीत सहा. जो पुढे दिसतो तो पुढेच असतो.

आठवी_लेन

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निकालपत्रकावरच्या एका अक्षरात असतं. नावापुढे मोठा क्यू (Q) म्हणजे क्रमांकावर पात्र, छोटा क्यू (q) म्हणजे उरलेल्यांत वेळेवर (किंवा फेकीच्या अंतरावर) पात्र. छोट्या क्यूपुढे आर असेल तर पंचांनी पुढे घेतलेला. २०१९ ला दोह्यातल्या जागतिक स्पर्धेत अविनाश साबळेला स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाणी ओलांडत पळायची ३००० मीटर शर्यत) प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पडण्यामुळे अडथळा झाला, भारताने दाद मागितली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथे त्याने ८:२१.३७ चा राष्ट्रीय विक्रम केला.

महत्त्वाचा बदल असा की १५०० मीटर आणि त्यापुढच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत वेळेवर पात्र ठरणं २०२३ च्या बुडापेस्ट स्पर्धेपासून बंद झालं. स्टीपलचेसला प्रत्येक गटातले पहिले पाच, बस्स. साबळे तिथे ८:२२.२४ वेळ देऊन गटात सातवा आला आणि घरी गेला. म्हणून आता लांब पल्ल्याच्या प्राथमिक फेरीत घड्याळ बघू नका, शेवटच्या ४०० मीटरला पाचवा आणि सहावा कोण आहे ते बघा. शर्यत तिथे असते. सावकाश सुरू झालेल्या गटात सगळे घोळक्याने शेवटच्या फेरीला येतात आणि ज्याचा शेवटचा वेग चांगला तो वाचतो. ४०० बाय ४०० रिलेत मात्र वेळेचा छोटा क्यू अजून आहे, त्यामुळे तिथे दुसऱ्या गटाच्या वेळेकडेही लक्ष हवं. बुडापेस्टला आपल्या पुरुष संघाने प्राथमिक फेरीतच २:५९.०५ चा आशियाई विक्रम केला होता.

भालाफेकीचं गणित वेगळं. पात्रता फेरीत तीनच फेकी. टोकियो २०२५ ला थेट पात्रतेचं अंतर ८४.५० मीटर होतं, नीरजने पहिल्याच फेकीत ८४.८५ टाकून विषय संपवला. ज्यांनी ते अंतर गाठलं नाही त्यांतून अंतरानुसार बारा पूर्ण करतात. सचिन यादव ८३.६७ वर तसाच आत आला आणि अंतिम फेरीत ८६.२७ टाकून चौथा आला, कांस्यपासून ४० सेंटिमीटर मागे. म्हणून पात्रता फेरीच्या क्रमांकावरून पदकाचा अंदाज बांधणं मला पटत नाही. अंतिम फेरीत तीन फेकींनंतर टप्प्याटप्प्याने खेळाडू कमी होतात. नीरज ८४.०३ वर आठवा राहिला आणि पाचव्या फेकीनंतर त्याची स्पर्धा संपली.

आणखी एक, लांब उडी, तिहेरी उडी आणि २०० मीटरपर्यंतच्या धावांत अंकापुढे वाऱ्याचा आकडा असतो. सेकंदाला अधिक २.० मीटरच्या वर गेला की विक्रमासाठी ती कामगिरी धरत नाहीत, पण त्या स्पर्धेतला क्रमांक आणि पदक मात्र ग्राह्य. बातम्यांत हे दोन नेहमी एकात एक मिसळतात.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवी लेन ताई, क्यूचा गोंधळ आज सुटला.

एक उपप्रश्न. जंगलातल्या रिलेत सगळे एकदम सुटतात ना? मग एखादा संघ एका कंट्रोलवर ४० सेकंदांनी पुढे असतो आणि पुढच्या कंट्रोलवर काहीही चूक न करता ३० सेकंदांनी मागे पडतो, हे कसं? आणि भारतीय वेळेचं काही सोपं कोष्टक?

समोच्च_रेषा

त्याला फोर्किंग म्हणतात. एकामागे एक पळू नये म्हणून एकाच टप्प्यावर संघांना वेगवेगळे कंट्रोल देतात. तुमच्या संघाला जवळचा कंट्रोल मिळाला, शेजारच्याला लांबचा. पुढच्या धावपटूला ते उलट मिळतं, आणि तिघांचं मिळून सगळ्या संघांचं अंतर सारखंच भरतं. त्यामुळे रिलेत फक्त सामायिक कंट्रोलवरचा फरक खरा. ते ओळखायला दोन-तीन संघांचे मार्ग एकावर एक टाकून बघा, जिथे सगळ्यांच्या रेषा एकाच वर्तुळात येतात तो सामायिक. प्रेक्षकांसमोरून जाणारा कंट्रोल बहुतेक वेळा तसा असतो. स्प्रिंट रिलेत चार टप्पे असतात, पहिला आणि शेवटचा महिलांचा.

चित्रण हवं असेल तर आंतरराष्ट्रीय महासंघाची स्वतःची सशुल्क वाहिनी आहे. पैसे भरायचे तर रिले आणि नॉकआउटसाठी भरा. लाँगला ठिपके आणि स्प्लिट मोठ्या पडद्यावर लावले की चित्रणाहून जास्त कळतं. मोबाइलवर नकाशा बघू नका, समोच्च रेषा दिसतच नाहीत.

बोळातला_धावक

लाँगबाबत असहमत. खेळाडू कंट्रोलजवळ येऊन घुटमळतो, नकाशा फिरवतो, दगडाच्या चुकीच्या बाजूला जातो, ते ठिपक्यात नुसतं 'थांबला' असं दिसतं. ती वीस सेकंदं चित्रणातच कळतात. दोन्ही शेजारी लावावं, पण ठिपके चित्रणाच्या मागे-पुढे असतात हे धरून चालावं.

आठवी_लेन

वेळेचं: मध्य युरोपात उन्हाळी घड्याळ असताना तिथल्या वेळेत साडेतीन तास मिळवा, फिनलंडच्या वेळेत अडीच, ब्रिटनच्या वेळेत साडेचार. जपानच्या वेळेतून साडेतीन तास वजा, चीनच्या वेळेतून अडीच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपचं घड्याळ बदलतं, हिवाळ्यात त्यांच्यासाठी आणखी एक तास मिळवायचा.

चूक होते ती तारखेत. युरोपात रात्री साडेनऊची अंतिम फेरी आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे एक वाजता. फिनलंडची युकोला ही ओरिएंटियरिंगची रिले जूनमध्ये शनिवारी रात्री अकराला सुटते, म्हणजे आपला रविवार उजाडून दीड वाजलेला असतो. गजर लावताना तारीख आधी लिहा, मग वेळ. टोकियोसारखी स्पर्धा मात्र सोयीची, संध्याकाळचं सत्र आपल्याला दुपारी चारच्या आसपास मिळतं. २०२७ ची जागतिक अ‍ॅथलेटिक्स सप्टेंबरमध्ये बीजिंगला आहे, तीही तशीच पडेल. प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेगणिक बदलतात, तेव्हा वाहिनी आठवडाभर आधी तपासा. वेळापत्रक, सुटण्याची यादी आणि थेट निकाल जागतिक महासंघाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क असतात. ते पान उघडं ठेवलं तर प्रक्षेपणात न दाखवलेली भारतीय खेळाडूची फेकही त्याच मिनिटाला आकड्यात दिसते.