मदत हवी आहे: १९६८ची सिट्रोएन डीएस, लाल ऑइल ठेवावं की हिरवं करावं?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. शेजारच्या आजोबांकडे १९६८ची, अमेरिकेतच विकली गेलेली सिट्रोएन डीएस २१ ही फ्रेंच गाडी आहे. त्यांना आता झेपत नाही, म्हणून ती मला देणार आहेत. गाडी बरीच वर्षं गॅरेजमध्ये उभी आहे. इंजिन जमेल, धास्ती हायड्रॉलिक्सची, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेची आहे.

डीएसला नेहमीच्या स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाला नायट्रोजन भरलेला गोळा आणि पंपाने दाबलेलं ऑइल. त्याच ऑइलवर ब्रेक आणि स्टिअरिंगही. युरोपात १९६६च्या शरदात लाल एलएचएस ऑइल जाऊन हिरवं खनिज एलएचएम ऑइल आलं, पण अमेरिकी नियमांमुळे इथल्या गाड्यांत १९६९ उजाडेपर्यंत लालच होतं. लाल ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि आतले भाग गंजतात. म्हणून बरेच जण म्हणतात, सगळे रबरी सील बदल आणि हिरवं कर.

माझं मन तयार होत नाही. त्या वर्षीच्या फ्रेंच डीएसचे दिवे काचेआड असत, आतले वळणावर चाकांबरोबर फिरत. इथे कायद्याला काच चालेना, म्हणून उघडे, स्थिर दिवे बसवले. लाल ऑइलही याच अमेरिकी अवताराचा भाग आहे, तो जपायला हवा असं मला मनापासून वाटतं. पुढे १९७४च्या अमेरिकी बंपर नियमात सिट्रोएनचीच दुसरी गाडी एसएम अडकली आणि सिट्रोएन इथून गेलीच. तेव्हापासून या गाड्या हौशी लोकांनीच जगवल्यात.

लाल ऑइलवर गाडी नियमित चालवणारं कोणी आहे का? न्यू यॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जच्या सिट्रोएन मेळाव्याला कोणी जातं का? तिथे जुने जाणकार भेटतील अशी आशा आहे.

प्रतिसाद

लालच ठेवा, फक्त ठरावीक काळाने न चुकता बदला. त्याआधी एक काम: इंजिन अजिबात सुरू करू नका, पंप त्यावरच फिरतो. टाकीतलं थोडं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घेऊन बघा. मधल्या एखाद्या मालकाने हिरवं केलं असेल, तर गोळे आणि इतर भागही हिरवे रंगवलेले दिसायला हवेत. ऑइल एका रंगाचं आणि भाग दुसऱ्या असं दिसलं तर थांबा; चुकीच्या ऑइलने सगळे सील वाया जातात.

आणि कृपा करून, नुसत्या सस्पेन्शनवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. दाब गेला की ती खाली बसते. भक्कम स्टँड लावूनच काम करा.