नुसत्या वर्गीकरणाने काम भागत नाही
'सेवांची टॅक्सॉनॉमी नीट असेल तर ऑन्टॉलॉजी कशाला?' या प्रश्नाबद्दल. (सेवा म्हणजे इथे एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वेब-सेवा; टॅक्सॉनॉमी म्हणजे त्यांचं खान्यांमधलं वर्गीकरण; ऑन्टॉलॉजी म्हणजे संकल्पना, त्यांचे अर्थ आणि नाती यांची नेमकी मांडणी.) टॅक्सॉनॉमीमुळे सेवा सापडते. पण त्या सेवेतल्या शब्दाचा अर्थ कळत नाही. आमच्याकडे एका सेवेत 'ग्राहक' म्हणजे बिल भरणारा, दुसरीत माल उतरवून घेणारा. दोन्ही सेवा 'विक्री' याच खान्यात, दोन्हीकडे 'ग्राहक' ही नुसती स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ. डब्ल्यूएसडीएलची (सेवेचं तांत्रिक वर्णन लिहायची भाषा) काहीच तक्रार नाही, आणि बिलं मात्र गोदामाच्या पत्त्यावर! ऑन्टॉलॉजीत या दोन वेगळ्या भूमिका म्हणून मांडता येतात (व्यक्ती एकच असली तरी). मग डब्ल्यू३सी या वेब-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००७ मधल्या एसएडब्ल्यूएसडीएल शिफारशीतलं (डब्ल्यूएसडीएलच्या वर्णनाला अर्थ जोडायची पद्धत) 'मॉडेलरेफरन्स' वापरून स्कीमातला, म्हणजे डेटाच्या रचनेच्या वर्णनातला, घटक त्या संकल्पनेला जोडायचा. फक्त, अख्ख्या संस्थेची ऑन्टॉलॉजी करायला बसू नका. जिथे दोन सेवांची गाठ पडते, तेवढ्याच संज्ञा आधी घ्या.